मित्राला फेणी द्यायची तर

साकेची बाटली भेट द्यायची असेल तर जपानी माणसाचे निम्मे काम लेबल करते. आंबवण्याआधी तांदळाचा दाणा किती घासला, ते त्यावर टक्क्यांत छापलेले असते. दाण्याचा ६० टक्के किंवा त्याहून कमी भाग उरला असेल तर ती गिंजो, ५० टक्के किंवा त्याहून कमी उरला असेल तर दायगिंजो. ‘जुनमाई’ लिहिले असेल तर बाहेरून अल्कोहोल घातलेले नाही. एवढे ठाऊक असले की कधी साके न चाखलेला माणूससुद्धा दुकानात उभा राहून मित्रासाठी बरी बाटली निवडू शकतो.

आपल्या जवळपास त्या तोलाचे पेय शोधायचे, म्हणजे एका मुलखाशी बांधलेले, पिढ्यान्‌पिढ्या हाताने केलेले आणि रीतसर दुकानातून घेता येणारे, तर मला गोव्याची फेणी दिसते. काजूच्या फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. २०१६ मध्ये गोवा सरकारने कायद्यात दुरुस्ती करून तिला राज्याचे वारसा पेय ठरवले आणि देशी दारूच्या रांगेतून बाहेर काढले. तिच्या मागे पोर्तुगीजांनी ब्राझीलमधून आणलेले झाड आहे, त्या झाडाच्या फळाची भट्टी आहे आणि ती भट्टी सांभाळणारी घरे आहेत.

वाशीमच्या माणसाने साकेऐवजी फेणीचा विचार करावा, याला एक व्यवहारी कारणही आहे. साके हे आंबवलेले पेय; त्यात अल्कोहोल साधारण १५-१६ टक्के. उष्णता आणि उजेड त्याला सोसत नाहीत. रंग पिवळसर होत जातो, चव उतरते. बिनपाश्चरीकृत साके तर शीतकपाटाबाहेर ठेवूच नये. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४३-४४च्या घरात जातो, दिवसातून कितीदा तरी वीज जाते आणि भेट आलेली बाटली ‘काही निमित्ताने उघडू’ म्हणून कपाटात महिनोन्‌महिने बसते. अशा घरात साके टिकायची नाही. फेणी ऊर्ध्वपातन करून गाळलेली असते आणि काचेच्या बंद बाटलीत ती वर्षानुवर्षे राहते.

अडचण एवढीच की फेणीचे लेबल साकेच्या लेबलाइतके बोलत नाही. जे लेबलावर नाही ते विचारून घ्यावे लागते, आणि काय विचारायचे हे कळायला ती कशी तयार होते ते ठाऊक असावे लागते. त्याही आधी ज्याला द्यायची तो मित्र डोळ्यांसमोर आणावा.

आपल्या जिल्ह्यात हे आधी पाहावे लागते. कित्येक घरे माळकरी आहेत. मानोरा तालुक्यातल्या पोहरादेवीला मानणाऱ्या बंजारा समाजात सेवालाल महाराजांची व्यसनापासून दूर राहण्याची शिकवण मनापासून पाळणारी कुटुंबे आहेत. कारंजा हे नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान, तिथल्या दत्तभक्त आणि जैन घरांत बाटली उंबरठ्याच्या आत येत नाही. मित्र स्वतः बाहेर कधीतरी घेतो एवढे पुरेसे नाही. ती बाटली त्याच्या घरात उघडपणे ठेवता येईल का, घरातल्यांना त्यामुळे संकोच होईल का, हे पाहावे. ज्याने पिणे सोडले आहे त्याला तर गोव्याची आठवण म्हणूनसुद्धा देऊ नये. यकृताचा, रक्तदाबाचा, मधुमेहाचा इलाज चालू असेल तरी नको. काजूगर आणि कोकमाचे आगळ ही गोव्याचीच भेट आहे आणि ती कुणालाही देता येते.

मित्र घेणारा आहे आणि आवडीने, बेताने घेणारा आहे, असे धरून पुढे जाऊ.

काजूचा हंगाम साधारण मार्च ते मे. सत्तरी, सांगे, पेडणे, काणकोण या तालुक्यांत डोंगरउतारांवर काजूची झाडे आहेत. काजूगर ज्या बीमधून निघतो ती बी फळाच्या खाली लोंबकळत असते. वरचा लाल-पिवळा मांसल भाग म्हणजे बोंड. फेणीसाठी बोंड झाडावरून तोडत नाहीत. पूर्ण पिकून आपोआप खाली पडलेले तेवढे वेचतात. आपल्या रानात मोहाची फुले पहाटे गळतात आणि माणसे ती टोपलीत वेचून आणतात, तीच रीत. गळून पडलेल्या बोंडात साखर पुरती उतरलेली असते आणि तुरटपणा कमी झालेला असतो. तोडलेले, अर्धकच्चे बोंड घातले की फेणीत तो तुरटपणा राहतो. चांगला गाळणारा इथेच चोखंदळ असतो. पडलेले बोंड उन्हात फार वेळ राहिले की ते आंबू लागते, त्यावर माश्या बसतात. म्हणून ते त्याच दिवशी वेचून, बी पिळून काढून, रसासाठी जाते.

रस काढायची जुनी जागा म्हणजे कोळंबी, जांभ्या खडकात उतारावर खोदलेले उथळ कुंड. त्यात बोंडे टाकून पायांनी तुडवतात. आता बऱ्याच ठिकाणी यंत्राचा दाब वापरतात आणि त्यात कमीपणा मानायचे कारण नाही. स्वच्छतेच्या दृष्टीने ते बरेच. तुडवून निघालेला रस आंबवायला जातो. उरलेल्या चोथ्याचा ढीग करून, वेलीने आवळून, वर दगडाचे वजन ठेवतात. त्यातून सावकाश ठिबकणारा नितळ रस म्हणजे नीरो. तो ताजाच पितात आणि त्यात नशा नसते. हंगामात गोव्याला गेलात तर घरातल्या न पिणाऱ्या माणसांना आवर्जून द्या. फळाची खरी चव त्यात कळते आणि नंतर फेणीत तीच चव शोधता येते.

आंबवताना बाहेरून यीस्ट घालत नाहीत. फळाच्या सालीवर आणि हवेत असलेले यीस्टच कामाला लागते. पूर्वी मातीची मोठी भांडी जमिनीत अर्धी पुरून त्यांत रस ठेवत. आता बहुतेक ठिकाणी पिंपे असतात. रस काही दिवस खदखदतो, फेस येतो, मग शांत होतो. या टप्प्यावर उष्णता फार वाढली किंवा रस जास्त दिवस राहिला तर तो आंबूस, व्हिनेगरच्या वळणाचा होतो. तो आंबूसपणा भट्टीत पूर्ण जात नाही, बाटलीपर्यंत येतो. एखादी फेणी नाकाजवळ नेताच घशात खवखवते, त्यामागे बहुधा हीच हयगय असते.

भट्टी समजायला थोडे विज्ञान लागते. पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते, इथाइल अल्कोहोल ७८ अंशांच्या थोडे वर. दोन्ही एकत्र असले की मिश्रण या दोहोंच्या मध्ये कुठेतरी उकळते आणि निघणाऱ्या वाफेत अल्कोहोलचे प्रमाण मूळ रसापेक्षा जास्त असते. ती वाफ थंड केली की रसापेक्षा तेज द्रव हाती येतो. गोव्यात उकळण्याच्या भांड्याला भाण म्हणतात. पूर्वी ते मातीचे असे, आता तांब्याचे. भाणाचे तोंड लाकडी बुचाने आणि चिकणमातीने बंद करतात. वाफ नळीवाटे लावणी नावाच्या मातीच्या घड्यात जाते. त्या घड्यावर सतत गार पाणी ओततात, म्हणून आत वाफेचा द्रव होतो. आता कित्येकांनी लावणीऐवजी गार पाण्याच्या टाकीतून जाणारी नागमोडी नळी बसवली आहे.

तांबे परवडते म्हणून वापरतात असे नाही. आंबवताना तयार होणारी गंधकाची संयुगे तापलेल्या तांब्याशी संयोग पावून मागे राहतात आणि अंड्यासारखा येणारा वास कमी होतो. स्कॉटलंडातल्या व्हिस्कीच्या भट्ट्या तांब्याच्या असतात, त्यालाही हेच कारण आहे.

पहिल्या वेळी गाळून येतो तो उर्राक. तो फेणीहून बराच सौम्य असतो, फळाचा वास त्यात ताजा असतो, आणि तो फार टिकत नाही. मार्च-एप्रिलात गोव्यातली माणसे लिंबूसोडा, मीठ आणि उभी चिरलेली हिरवी मिरची घालून तो घेतात. भेट म्हणून उर्राक आणायचा मोह होतो, पण तो आणू नये. प्रवासात आणि उन्हात त्याचा ताजेपणा जातो, आणि मित्राच्या हाती पडेपर्यंत ज्यासाठी आणला ते त्यात उरत नाही. तो तिथेच प्यावा.

उर्राकात पुन्हा आंबलेला रस मिसळून दुसऱ्यांदा गाळले की तेज वाढते. जुन्या पद्धतीत तीन पायऱ्या होत्या: उर्राक, मग काजुलो आणि मग फेणी. आज बाजारात जी फेणी मिळते ती बहुतेक दोनदा गाळलेली असते. म्हणून ‘डबल डिस्टिल्ड’ हे शब्द बाटलीवर ठळक दिसले तरी त्यावरून ती इतरांपेक्षा वरचढ ठरत नाही. दोनदा गाळणे हा आजच्या फेणीचा साधा नेम आहे.

गाळणाऱ्याचा हात दिसतो तो धार सुरू होताना आणि संपताना. सुरुवातीला येणाऱ्या धारेत हलकी, झटकन उडणारी रसायने जास्त असतात, त्यांचा वास नखांच्या रंगासारखा उग्र. शेवटी येणारी धार पाणचट, तेलकट, ओलसर वासाची. मधला भाग उत्तम. सुरुवातीचे आणि शेवटचे वेगळे काढले तर माल कमी निघतो, लाकूड आणि वेळ तेवढाच लागतो. हा तोटा जो सोसतो त्याची फेणी चांगली होते. आचेचेही तसेच आहे. जाळ मोठा केला की काम लवकर उरकते, पण रस उसळून नळीत येतो आणि करपट वास बसतो. मंद आचेवर दिवसभर बसावे लागते. फेणीच्या दर्जाबद्दल जे काही सांगतात, ओकच्या पिंपांपासून रंगीत पेट्यांपर्यंत, त्यापेक्षा बोंड कोणते घेतले, आंबवणे कसे सांभाळले आणि धार कुठे तोडली, या तीन गोष्टींवर माझा जास्त विश्वास आहे.

तेज मोजायला गोव्यात ग्राव हे जुने माप वापरतात. द्रवात तरंगणाऱ्या काचेच्या नळीवर ते वाचतात. कुणी म्हणाले ‘वीस ग्रावची फेणी’, तर ते वीस टक्के समजू नये. ती फेणी ४० टक्क्यांच्या वर असते. दुकानातल्या सीलबंद बाटलीवर बहुधा ४२.८ टक्के लिहिलेले आढळेल.

आता निवड. पहिला प्रश्न काजूची की माडाची. दक्षिण गोव्यात, विशेषतः सासष्टीत, माडाची फेणीही होते. रेंदेर, म्हणजे माडी काढणारा, माडावर चढून पोयीतून, म्हणजे फुलोऱ्यातून, सूर (माडाचा रस) काढतो, तो आंबतो आणि मग गाळतात. माडाला हंगाम नसतो, त्यामुळे ही फेणी वर्षभर होऊ शकते. चव मऊ, वास कमी उग्र. माडावर चढणारे हात कमी होत चालले आहेत, म्हणून अस्सल माडाची फेणी शोधावी लागते. २००९चे मानांकन फक्त काजूच्या फेणीला आहे हेही लक्षात ठेवावे. ज्या मित्राला व्हिस्की-रमचीच सवय आहे आणि फेणीच्या वासाची धास्ती आहे, त्याला माडाची द्यावी. ज्याला नवे वास, नवी फळे, नवे मसाले हुंगून पाहायची हौस आहे, त्याला काजूचीच. दोन्हींत एकच घेता येत असेल आणि मित्राबद्दल नक्की काही ठरत नसेल, तर माझा कौल काजूला. पिकलेल्या बोंडाचा तो वास इतर कुठल्याच दारूत सापडत नाही, आणि भेटीत तेच तर द्यायचे असते.

मसाल्याची फेणीही मिळते. कुठे जिरे घालतात, कुठे आले. दुकशिरीची फेणी म्हणजे अनंतमुळाची मुळे घातलेली. ती सुगंधी असते आणि अनेकांना पटकन आवडते. पण पहिली भेट साध्या फेणीचीच असावी, कारण मसाल्याच्या वासाखाली कमअस्सल फेणी सहज लपते. लाकडात मुरवलेल्या फेणीचेही तेच. परंपरेने फेणी काचेत ठेवतात. गार्राफांव नावाची पोटफुगी मोठी काचेची भांडी जुन्या घरांत अजून दिसतात. कांदोळीला २०२१ साली सुरू झालेल्या मद्यविषयक संग्रहालयात ती हारीने मांडलेली आहेत, फेणीबद्दल कुतूहल असेल तर ते जरूर पाहावे.

दुकानदाराला, किंवा भट्टीवरच गेलात तर गाळणाऱ्याला, सरळ विचारावे: कोणत्या गावची, कोणत्या हंगामातली, बोंड स्वतःच्या बागेतले की विकत घेतलेले, तांब्याच्या भाणात गाळली का, बाहेरचे स्पिरिट मिसळले आहे का. ज्याचा माल चांगला असतो तो या प्रश्नांनी सुखावतो आणि सांगत बसतो. ‘सगळी सारखीच’ असे उत्तर आले तर दुसरे दुकान पाहावे. चाखायला मिळाली तर दोन थेंब तळहातावर चोळून हुंगावेत. पहिल्या क्षणी अल्कोहोल उडून जाते, मागे पिकल्या फळाचा वास राहायला हवा. मागे काहीच उरले नाही तर त्यात साध्या स्पिरिटचा भाग मोठा असावा असा संशय घ्यायला जागा आहे. नखांच्या रंगाचा वास टिकून राहिला तर पहिली धार नीट तोडलेली नाही.

बाटली हलवून येणारे बुडबुडे दाखवायची पद्धत आहे. बुडबुडे बारीक आले आणि थोडा वेळ टिकले तर तेज पुरेसे आहे एवढेच समजते. काडी लावून निळी ज्योत दाखवतात, तीही तेवढेच सांगते. मिथेनॉल असेल तर ते या दोन्ही परीक्षांत कळत नाही. ते चवीतही कळत नाही. मुंबईत मालाडच्या मालवणीत जून २०१५ मध्ये विषारी दारूने १००हून अधिक माणसे गेली, ती मिथेनॉलमुळे. म्हणून ओळखीच्या घरची, प्लास्टिकच्या बाटलीत भरलेली, बिनलेबलची फेणी कितीही नावाजलेली असली तरी भेट म्हणून देऊ नये. ती उत्तम असूही शकते. गोव्यातल्या कित्येक घरांत अशीच फेणी पितात. पण आपण ठेवलेल्या विश्वासावर मित्राने धोका का पत्करावा? आपल्याकडच्या हातभट्टीच्या मोहाच्या दारूलाही हेच लागू. मोहाच्या फुलाबद्दल मला कितीही जिव्हाळा असला तरी विनापरवाना गाळलेली दारू भेटीची वस्तू होऊ शकत नाही.

सीलबंद बाटलीवर पाहायचे ते असे: ‘काजू फेणी’ हे शब्द स्पष्ट आहेत का, गोव्यातल्या उत्पादकाचे नाव-पत्ता आहे का, अन्नसुरक्षा परवान्याचा क्रमांक, बॅच आणि भरल्याची तारीख, अल्कोहोलचे टक्के. फेणीचा ‘स्वाद’ किंवा ‘फ्लेवर’ असे लिहिलेले असेल तर ती फेणी नव्हे. काच हवी, प्लास्टिक नको. द्रव पाण्यासारखा नितळ हवा. माडाच्या आकाराच्या नाहीतर शिंपल्यांनी मढवलेल्या बाटल्या विमानतळाच्या आसपास विकतात, त्यांत पैसे बाटलीचे असतात.

यानंतर एक ओळ अगदी न चुकता वाचावी: ‘फक्त गोव्यात विक्रीसाठी’. आपल्याकडे बहुतेकांची गफलत इथे होते. महाराष्ट्रात १९४९चा दारूबंदी कायदा आजही लागू आहे. आधी त्याच्या नावात मुंबई होते, आता महाराष्ट्र आहे. ज्या मद्यावर महाराष्ट्राचे उत्पादन शुल्क भरलेले नाही ते राज्याच्या हद्दीत आणणे, बाळगणे हा गुन्हा आहे. ‘एकच तर बाटली, तीही भेटीची’ हे तिथे चालत नाही. सिंधुदुर्गात बांद्याजवळ इन्सुलीला राज्य उत्पादन शुल्क विभागाचा तपासणी नाका आहे आणि गोव्याहून येणाऱ्या गाड्या तिथे तपासल्या जातात. मद्य जप्त होते, गाडी अडकते, गुन्हा दाखल होतो. अकोल्याहून रेल्वेने गेलात आणि रेल्वेने परत आलात तरी कायदा तोच. गोव्यातला दुकानदार पावतीवर शिक्का मारून देतो, त्याला हद्दीच्या अलीकडे अर्थ नाही. त्याशिवाय महाराष्ट्रात मद्य बाळगायला आणि प्यायला व्यक्तिगत परवाना लागतो, आणि स्पिरिटसाठी वयाची अट २५ वर्षांची आहे.

शंका असेल तर वाशीमला राज्य उत्पादन शुल्क अधीक्षकांच्या कार्यालयात जाऊन विचारावे. प्रवासाआधी विचारलेले बरे. आणि मित्र वर्ध्याला किंवा गडचिरोलीला राहत असेल तर हा विचारच सोडून द्यावा. वर्धा जिल्ह्यात १९७४पासून आणि गडचिरोलीत १९९३पासून दारूबंदी आहे. चंद्रपूरची बंदी २०१५ साली आली आणि २०२१ मध्ये उठली.

मग भेट द्यायची कशी? सर्वांत सोपा आणि मला सर्वांत आवडणारा मार्ग म्हणजे गोव्यातच द्यायची. मित्रमंडळी मिळून सुटीला गेलेली असतात, कुणाचा पन्नासावा वाढदिवस असतो, कुणी वाशीमहून बदली होऊन पणजी-मडगावला गेलेला असतो. अशा वेळी बाटली तिथेच घ्यावी, तिथेच उघडावी आणि तिथेच संपवावी. दुसरा मार्ग, महाराष्ट्राचे शुल्क भरून इथल्या परवानाधारक दुकानात जी फेणी विक्रीला येते ती घ्यावी. मोठ्या शहरांत चौकशी करावी, लेबलावर ‘महाराष्ट्रात विक्रीसाठी’ आहे याची खात्री करावी आणि पावती जपून ठेवावी. मित्र दुसऱ्या राज्यात किंवा परदेशात असेल आणि गोव्याहून थेट विमानाने जाणार असेल तर विमान कंपन्यांचा नियम असा: २४ ते ७० टक्के अल्कोहोल असलेले मद्य चेक-इन सामानात, मूळ सीलबंद बाटलीत, माणशी ५ लिटरपर्यंत चालते. उतरायच्या ठिकाणचा कायदा मात्र वेगळा पाहावा लागतो. गुजरात, बिहार किंवा आखाती देश असतील तर नकोच.

महाराष्ट्राच्या या कायद्याबद्दल एक खंत बोलून दाखवतो. गोव्याच्या हद्दीला लागूनच सिंधुदुर्ग आहे. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने काढलेल्या काजूच्या जाती कोकणभर लावल्या गेल्या आहेत, बी चांगल्या भावाने विकली जाते. पण बोंडे बरीचशी बागेतच कुजतात. त्याच झाडाचे, त्याच मातीचे फळ हद्दीच्या पलीकडे वारसा ठरते आणि अलीकडे खत. बागायतदाराला त्यातून परवान्याने, देखरेखीखाली काही करता आले तर त्याच्या हातात दोन पैसे येतील. निदान सरबत, व्हिनेगर, पशुखाद्य यांना तरी जोरकस आधार मिळायला हवा.

बाटली मित्राच्या हाती गेली की ती उभी ठेवायची. आडवी ठेवली तर तेज अल्कोहोल बुचाला लागत राहते आणि बुचाची चव फेणीत उतरते. उन्हाची तिरीप पडणार नाही असे कपाट पुरे, शीतकपाट लागत नाही. बंद बाटलीला घाई नाही. उघडल्यावर मात्र ती निम्म्याखाली गेली की आतली हवा वाढते आणि फळाचा वास बोथट होऊ लागतो. मग काही महिन्यांत संपवावी किंवा लहान काचेच्या बाटलीत काठोकाठ भरून ठेवावी.

पहिल्यांदा फेणी घेणारे बरेच जण वासाने दचकतात आणि बाटली बाजूला ठेवून देतात. त्यामागे बहुधा घेण्याची पद्धत चुकलेली असते. व्हिस्कीसारखी ग्लासभर ओतून कोलामध्ये मिसळली की ती दोन्हीकडून बिघडते. आधी अगदी थोडी, पाण्याशिवाय, लहान पेल्यात घेऊन पाच मिनिटे उघडी ठेवावी. पहिला उग्रपणा उडून जातो. मग हुंगावी, एक घोट घ्यावा. त्यानंतर लिंबू पिळून, चिमूटभर मीठ, एक उभी चिरलेली मिरची, वर गार सोडा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात याहून बरे मिश्रण मला माहीत नाही. कोकमाचे आगळ घातले तर रंगही सुरेख येतो. सोबत भाजलेले शेंगदाणे, चिरलेला कांदा, तळलेले मासे असतील तर फारच छान. गोड पदार्थ सोबत नको.

बाटलीला चिठ्ठी बांधावी. तिच्यावर कविता नको, माहिती हवी: काजूची की माडाची, कोणत्या गावची, कोणत्या हंगामातली, कुठून घेतली, आणि वरची दोन ओळींची कृती. उभी ठेव, काचेतच ठेव, हेही लिहावे. गाळणाऱ्याशी बोलणे झाले असेल तर त्याने जे सांगितले तेही त्याच्याच शब्दांत लिहावे. बोंडे कधी पडायला लागली, पाऊस लवकर आला का, त्या वर्षी माल कमी का निघाला. या गोष्टी लेबलावर कधीच येत नाहीत. शेवटी पेल्याचे माप लिहावे, ३० मिली, आणि त्या रात्री गाडी चालवू नकोस, हेही.